मागे येण्याची मुभा

माझी मावसबहीण भोरला माध्यमिक शाळेत गणित शिकवते. तिचा धाकटा भाऊ वेल्ह्याला राहतो आणि राजगड-तोरण्यावर येणाऱ्यांना वाट दाखवतो. दोघांत तीस-चाळीस किलोमीटरचं अंतर आणि एक जुना वाद आहे. वादाचा विषय ऐकून कोणाला वाटेल, एवढ्यातेवढ्यावरून काय भांडायचं! विषय आहे ‘कॅट्रॅप’ नावाचा, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. पण मी दोघांचं पुष्कळदा ऐकलं आहे, आणि माझ्या मते हा वाद शिक्षणातल्या एका मोठ्या प्रश्नाला हात घालतो. म्हणून तो इथे मांडतो आहे.

आधी खेळाविषयी. जपानमध्ये त्याचं नाव ‘पिटमन’. युताका इसोकावा यांनी तो शार्प कंपनीच्या एमझेड-७०० या घरगुती संगणकासाठी लिहिला आणि १९८५ साली ‘ओह! एमझेड’ या मासिकात त्याची आज्ञावली छापून आली. वाचकांनी ती ओळ न् ओळ आपल्या संगणकावर टंकायची आणि मग खेळायचं, अशी तेव्हाची पद्धत होती. १९९० साली तो निन्टेंडोच्या गेम बॉयवर आला. मांजराचे कान असलेली दोन मुलं, शंभर चक्रव्यूह, आणि प्रत्येकात काही भुतं. सगळ्या भुतांपर्यंत पोचून त्यांना संपवलं की पुढचा चक्रव्यूह उघडतो. उडी मारता येत नाही. चढायचं तर शिडीनेच. दगड ढकलता येतात, ओढता येत नाहीत. वाळूतून चालत गेलं की वाळू नाहीशी होते आणि तिच्यावर टेकलेला दगड खाली येतो. एवढेच नियम. आणि एक सोय: चुकलं तर बटण दाबून एकेक पाऊल उलटं जाता येतं. दगड परत जागेवर, वाळू परत भरलेली, तुम्ही परत शिडीवर. अशी सोय देणाऱ्या अगदी सुरुवातीच्या खेळांत ‘कॅट्रॅप’ची गणना होते. पुढे २००८ साली ‘ब्रेड’ नावाच्या खेळाने हीच कल्पना जगभर गाजवली.

आखातात नोकरीला असलेल्या एका मामेभावाने तो गेम बॉय आणला होता. तेव्हापासून ताई आणि भाऊ या एका बटणावरून भांडत आले आहेत.

भाऊ: ताई, खेळ चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते मागे जायचं बटण मला पटत नाही. चूक केली तर तिची किंमत मोजायला हवी. किंमतच नसेल तर पोरगं विचार कशाला करेल? दगड ढकलून बघेल, नाही जमलं तर मागे येईल, दुसरा ढकलेल.

ताई: असं वाटतं खरं. पण तू शेवटचे चक्रव्यूह खेळलास का? तिथे नुसतं ढकलून बघण्याने काही होत नाही. समजा, एका दगडाखाली वाळू आहे. तू वाळूतून सरळ चालत गेलास, तो रस्ता जवळचा म्हणून. मागून दगड खाली आला आणि शिडीच्या तोंडाशी, भिंतीला टेकून बसला. तुला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण तू पुढे निघालास. दोन भुतं मारलीस, आनंदात आहेस. तिसऱ्या भुतासाठी त्याच शिडीने वर जायचं, तेव्हा कळतं की वाट बंद आहे. चूक आत्ताची नाही, वीस पावलांपूर्वीची आहे.

भाऊ: मग नव्याने सुरू करायचं. सगळा डाव पुसून.

ताई: तेच तर मला नको आहे! वर्गात रोज बघते. उत्तर चुकलं की मुलं अख्खं गणित खोडतात, पान फाटेपर्यंत रबर घासतात आणि पहिल्यापासून सोडवायला घेतात. पुन्हा तिथेच चुकतात. कारण कुठल्या ओळीत चुकलो ते पाहिलेलंच नसतं. ह्या खेळात तसं होत नाही. बटण दाबलं की तू उलटा चालत जातोस आणि प्रत्येक पाऊल डोळ्यांसमोरून जातं. हे बरोबर, हेही बरोबर, आणि ही बघ, इथे वाळूत शिरलास. चुकीची जागा सापडते. चूक पुसणं वेगळं आणि चूक शोधणं वेगळं.

भाऊ: वहीत ठीक आहे. माझ्याकडे येणारी मंडळी वही घेऊन येत नाहीत. तोरण्यावरून बुधला माचीकडून राजगडाच्या धारेवर निघालेले लोक मी पावसाळ्यात शोधून आणले आहेत. धुकं उतरलेलं, मोबाइलवर कोणाची तरी आखलेली वाट, आणि एक घळ समोर दिसते. वाटतं, इथून उतरलं की खालच्या वाडीत पोचू. पहिला टप्पा बसून घसरत उतरतात. दुसरा टप्पा त्याहून उंच, तिथे पाय पुरत नाही. वर यायचं तर घसरून उतरलेला कातळ ओला, धरायला काही नाही. आता खाली जाता येत नाही आणि वरही येता येत नाही. तिथे कुठलं बटण दाबायचं?

ताई: तू त्यांना काय शिकवतोस?

भाऊ: एकच. जे चढून परत येता येणार नाही ते उतरू नका. उतरायच्या आधी दोन पावलं उतरा, परत चढून बघा, मग ठरवा.

ताई: ऐकलंस का स्वतःचं? दोन पावलं जा, परत ये, मग ठरव. हेच माझं बटण.

इथे भाऊ चिडतो, कारण मुद्दा त्याच्याच तोंडून निघालेला असतो. पण त्याचं उत्तर तयार असतं आणि ते वजनदार आहे.

भाऊ: नाही ताई. मी दोन पावलांची परीक्षा घेतो कारण तिसरं पाऊल परत घेता येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. भीती आहे म्हणून परीक्षा आहे. तुझ्या खेळात तिसरं, तिसावं, कितवंही पाऊल परत घेता येतं. भीती गेली की परीक्षाही गेली.

ताई: भीतीने मुलं जास्त विचार करतात, हा तुझा अनुभव असेल. माझा उलट आहे. भीती वाटली की मुलं पाठ केलेलं तेवढंच लिहितात. नवं काही करून बघत नाहीत. आणि या खेळाचा खरा विषय भीती नाही. कोणती गोष्ट उलटवता येते आणि कोणती नाही, हे ओळखायला शिकणं हा त्याचा विषय आहे. चालणं उलटवता येतं, शिडी उलटवता येते. दगड ढकलणं, वाळू खणणं आणि कठड्यावरून खाली पडणं ही तीन कामं उलटवता येत नाहीत. बटणाने येतात, पण खेळाच्या नियमांत येत नाहीत. दहा-बारा चक्रव्यूह झाले की मुलं आपोआप त्या तीन कामांआधी थांबतात. हे मी वर्गात पाहिलं आहे.

ताईच्या या मुद्द्याला गणिताचाही आधार आहे. याच जातीचा, आणखी जुना खेळ ‘सोकोबान’, म्हणजे गोदामात पेट्या ढकलणारा हमाल. हिरोयुकी इमाबायाशी यांनी रचलेला तो खेळ १९८२ साली बाजारात आला. त्यातही पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. दिसायला पोरखेळ, पण १९९७ साली जोसेफ कलबर्सन यांनी सिद्ध केलं की असे डाव सोडवणं हा संगणकशास्त्रातल्या अतिशय अवघड प्रश्नांच्या वर्गातला प्रश्न आहे. या अवघडपणाचं मोठं मूळ ओढता न येण्यात आहे. एक चुकीची ढकल आणि डाव हरलेला असतो, पण खेळणाऱ्याला ते कळायला बराच वेळ लागतो.

भाऊ गणिताच्या वाटेला जात नाही. तो गडाकडे वळतो, आणि माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं बोलणं इथे आहे.

भाऊ: तुझा चक्रव्यूह कोणी रचला? इसोकावांनी. त्यांची इच्छा काय? तू सुटावंस. कितीही अवघड केला तरी वाट त्यांनी ठेवलेली आहेच. आता राजगडाची संजीवनी माची घे. तीही कोणीतरी रचलीच ना? तीन टप्प्यांत उतरत गेलेली माची. तटाला बाहेरून दुसरा तट, बुरुजाला बाहेरून दुसऱ्या बुरुजाचं चिलखत. मधे अरुंद, खोल बोळ. शत्रूने तोफा लावून बाहेरचा बुरूज पाडला, आनंदात आत शिरला, तर समोर दुसरा बुरूज उभा आणि वरून मारा. गर्दी करून पुढे जायला जागा नाही आणि मागून आपलीच माणसं रेटत येतात. हा चक्रव्यूह रचणाऱ्याची इच्छा काय होती? तू सुटू नयेस. खेळात नि गडात एवढा फरक आहे. तू पोरांना सुटणाऱ्या चक्रव्यूहांची सवय लावतेस.

ताई: आणि आतल्या माणसांचं काय? तट काय फक्त शत्रूसाठी बांधला? त्याच बुरुजांच्या पोटातून आतल्यांना बाहेरच्या तटात उतरायला जिने आहेत. तूच दाखवलेस मला. एक माणूस वाकून जाईल एवढे. रचणाऱ्याने शत्रूसाठी वाट बंद केली आणि आपल्या माणसांसाठी मागे यायची वाट ठेवली.

भाऊ: ते आहे.

ताई: आज्ञापत्रात काय म्हटलंय? रामचंद्रपंत अमात्यांनी गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष मानला आहे. दोन-तीन दरवाजे करावेत, तशाच चोरदिंड्या कराव्यात, रोजच्या वापराला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवाव्यात, बाकीच्या चिणून टाकाव्यात. गडाची वाट सोपी असेल तर ती मोडावी, तिच्यावर झाडी वाढवावी आणि अवघड जागेतून नवी वाट काढावी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा ग्रंथ आहे. चक्रव्यूह कसा रचावा याचे याहून नेमके नियम मला दाखव. त्यात चोरदिंडी आहे, चिणलेली पण गरज पडली तर फोडता येईल अशी. ज्याला आत राहायचं आहे त्याने मागे यायची सोय ठेवलीच पाहिजे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पुरंदरचा तह काय होता? १६६५ साली तेवीस किल्ले दिले, बारा ठेवले. त्या बारांत राजगड आणि तोरणा होते. आग्र्याहून सुटून महाराज राजगडावरच आले. आणि १६७० मध्ये दिलेले किल्ले एकेक करून परत घ्यायला सुरुवात केली. याला मी मागे येणंच म्हणते.

भाऊ: परत घेतले, पण फुकट नाही. सिंहगड परत आला, तानाजी मालुसरे आले नाहीत. तुझ्या खेळात मागे गेलं की सगळं होतं तसं होतं. इतिहासात मागे येता येतं, पण होतं तिथे येता येत नाही. आणि कधीकधी मागे यायलाच जागा नसते. तुझ्याच भोरचं सांगतो. शंकराजी नारायण, पंतसचिव, भोर संस्थानचे मूळपुरुष. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात मुलूख राखला. मग ताराबाईंना वचन दिलं. १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू महाराज परत आले. एकीकडे दिलेला शब्द, दुसरीकडे गादीचा वारस. परंपरा सांगते की शब्द मोडायचा नाही आणि धन्याशी लढायचंही नाही, म्हणून त्यांनी आंबवड्याला देह ठेवला. समाधी तिथे आहे, नागेश्वराजवळ. वचन दिलं तेव्हा त्यांना काय ठाऊक होतं की पुढे शाहू परत येतील? वीस पावलांपूर्वीचा दगड. आणि कुठलंच बटण नाही.

ताई या ठिकाणी थोडी थांबते. आंबवड्याला शाळेची सहल दरवर्षी जाते, समाधी तिच्या चांगल्या ओळखीची आहे. तिचं उत्तर मी तिच्याच शब्दांत देतो, कारण या वादात मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

ताई: म्हणूनच म्हणते. जगात परत न फिरणारी पावलं आहेत आणि ती प्रत्येकाच्या वाट्याला येतात. अशा पावलाशी मुलाची पहिली ओळख कुठे व्हावी? ओल्या कातळावर? कर्जाच्या कागदावर सही करताना? मला वाटतं, पहिली ओळख अशा ठिकाणी व्हावी जिथे त्याचं काही जात नाही. चूक कशी आकार घेते हे त्याने वीस वेळा, पन्नास वेळा, पुढेमागे करून पाहावं. दगड कधी अडकला, अडकायच्या आधी तो कसा दिसत होता, हे डोळ्यात बसावं. मग तो कातळावर आला की तुझं वाक्य त्याला नवं वाटणार नाही. तू सांगायच्या आधीच तो थांबेल.

भाऊ: थांबेल? खात्री देतेस?

ताई: खात्री नाही देत. माझ्याकडून पाठवते, पुढे तू बघ.

भाऊ: मग माझी एक अट आहे. तुझ्या खेळात सगळा चक्रव्यूह एका नजरेत दिसतो. भिंती, शिड्या, भुतं, सगळं समोर, बाजूने कापून ठेवल्यासारखं. डोंगर तसा दिसत नाही. राजगडाच्या पाली दरवाजाकडे चढून ये, दुसरा दरवाजा पहिल्यातून दिसतो का? गडांचे दरवाजे बुरुजांच्या आड, वळण घेऊन लपवलेले असतात, अगदी जवळ गेल्याशिवाय कळत नाहीत. पोरांना बाजूचं चित्र बघून विचार करायची सवय लागली तर वळणापलीकडचं त्यांना सुचणार नाही.

ताई: हे मान्य. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चौकटीच्या वहीवर चक्रव्यूह काढून त्यातला अर्धा भाग कागदाने झाकून मुलांना द्यायला लागले. जेवढं दिसतं तेवढ्यावर बोला, कुठलं पाऊल टाकाल आणि कुठलं नाही. तेव्हा वर्ग फार वेगळा होतो. हुशार समजली जाणारी मुलं घाई करतात. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, बाई, आधी शिडीपर्यंत जाऊन परत येते, मग सांगते. तुझ्या गावाकडची आहे ती.

भाऊ: ती वही घेऊन त्यांना राजगडावर आण. चोरदरवाजाने चढवतो, संजीवनीवर फिरवतो, आणि आल्यावर आठवणीने नकाशा काढायला लावतो.

खेळाच्या यंत्राबद्दलही या वादात बरंच बोललं जातं. त्यातलं एकच सांगतो. १९८९ साली आलेला गेम बॉय गुनपेई योकोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम स्वस्त, जुन्या, भरवशाच्या भागांतून बनवला होता. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, छटा फक्त चार, पडद्यामागे दिवा नाही. त्याच काळातली रंगीत यंत्रं सहा सेल काही तासांत संपवत. हे चार पेन्सिल सेलवर कितीतरी जास्त चाले. भोरमध्ये भारनियमनाच्या दिवसांत टीव्हीला जोडायचे खेळ बंद पडत, हे चालू राही. मात्र पडद्याला स्वतःचा उजेड नसल्यामुळे दिवस मावळला की तेही ठेवून द्यावं लागे. ताईला हे फार आवडतं. अंधार पडला की आपोआप थांबणारा खेळ तिला आजच्या कुठल्याही फोनपेक्षा बरा वाटतो. मला हा मुद्दा तितका महत्त्वाचा वाटत नाही. मुलांना थांबवण्याचं काम सेलवर आणि सूर्यावर सोडणं मला पटत नाही.

मुख्य वादात माझं मत ताईच्या बाजूने आहे, आणि ते एका कारणाने. आपल्याकडे शिकवताना चूक झाली की शिक्षा होते किंवा चूक झाकली जाते. चुकीपर्यंत उलटं चालत जाऊन तिच्याकडे शांतपणे पाहण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. परीक्षेचा पेपर तपासून गुण येतात, पण कुठल्या ओळीत पाय घसरला हे बहुतेक मुलांना कोणी दाखवत नाही. शंभर चक्रव्यूहांचा एक छोटा खेळ ते दाखवतो, तर त्याला पोरखेळ म्हणून बाजूला सारू नये. भाऊचं म्हणणं मी एवढ्यापुरतं घेतो: मागे येण्याची मुभा पावलापावलाने असावी. एका बटणात सगळा डाव पुसून टाकणाऱ्या आजच्या बहुतेक खेळांमध्ये चूक पाहायची संधीच जाते, आणि तिथे भाऊचा आक्षेप शंभर टक्के लागू पडतो.

शेवटी एक काळजी सांगायची आहे. राजगडाचं नाव २०२५ च्या जुलैमध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या बारा किल्ल्यांच्या मालिकेत जागतिक वारसा यादीत गेलं. तट ढासळला तर आता त्याची दखल घेणारे अनेक आहेत. ‘कॅट्रॅप’ २०११ साली निन्टेंडोच्या थ्रीडीएस यंत्रावर पुन्हा विकायला आला होता. त्या यंत्राचं दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झालं आणि ती वाटही गेली. अशा खेळांचा वारसा आता लोकांच्या कपाटांत आणि माळ्यांवर पडलेल्या यंत्रांत आहे. तुमच्या घरी नव्वदच्या दशकातलं असं एखादं यंत्र असेल, तर ते भंगारात देऊ नका. आणि आजच त्यातले सेल काढून ठेवा. सेल गळले की आतले पत्रे गंजतात, आणि मग यंत्र पुन्हा चालू होणं कठीण असतं.